उत्तरेकडच्या खोलीचं तापमान

५ जानेवारी

आज मी एका प्रश्नाला "बघू" असं उत्तर दिलं. ते द्यायला नको होतं. दिल्यावर निदान लगेच मागं घ्यायला हवं होतं, तेही जमलं नाही. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नाही आणि पोटात ठेवली तर पचणारी नाही, म्हणून लिहायला बसले.

पाणी तापवून सगळं घर ऊबदार ठेवणारा आमचा बॉयलर म्हातारा झाला आहे. मिस्त्री म्हणाला, हा हिवाळा कसाबसा काढेल, पुढचा नाही. लेक दुसऱ्या शहरात असते. तिनं फोनवर धोशा लावला आहे की आता नवा बॉयलर घेऊ नकोस, हीट पंप बसव. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून घरातलं पाणी तापवणारं यंत्र. फ्रिज उलटा चालवावा तसं. आपलं घर त्याला मानवेल का, हे तपासायला आज कंपनीची बाई आली. तिशीची, जाड बुटांची, मोजकं बोलणारी. मला आवडली. भिंती, खिडक्या, खोल्याखोल्यांतले गरम पाण्याचे रेडिएटर, सगळं तिनं मोजलं. तिचं म्हणणं असं: बॉयलर रेडिएटरमध्ये सत्तर अंशांचं पाणी सोडतो, पंप पन्नासच्या आसपासचं सोडतो. घरानं ऊब धरून ठेवली तर तेवढ्यात भागतं. घर चाळणीसारखं असेल तर नाही भागत.

आमचं घर बरं निघालं. अपवाद वरच्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीचा. तिच्या तीन भिंती बाहेरच्या, आणि खाली उघडा बोळ. बाईनं तिथंच उभं राहून हिशेब केला आणि मला विचारलं, "ही खोली हिवाळ्यात बंद ठेवता आली तर लहान यंत्र पुरेल. येईल का ठेवता?"

मी म्हणाले, "बघू."

ती खोली रिकामी नाही. तिथं वन्सं राहतात. आणि त्या वेळी मोजपट्टीचं दुसरं टोक धरून भिंतीशी त्याच उभ्या होत्या.

त्या "सोडू का आता?" एवढंच म्हणाल्या, आणि पट्टीचं टोक सोडलं.

६ जानेवारी

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. याच घरात जन्मल्या, याच घरात राहिल्या. घर सासऱ्यांनी मुलाच्या नावे केलं आणि ह्यांच्या पश्चात ते माझ्या नावावर झालं. कागदावर वन्संचं यात काही नाही. यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. बोलायची वेळच आली नव्हती.

त्या रफू करतात. कोट, शाली, गालिचे. फाटलेल्या जागी त्याच कापडातला धागा काढून असा विणतात की आपण बोट ठेवून शोधत बसावं. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड येतो, ऊन येत नाही, म्हणून त्यांना तीच खोली लागते. गिऱ्हाइकं बोळातल्या मागच्या जिन्यानं थेट वर जातात. माझ्या बैठकीतून कुणाला जावं लागत नाही.

मी "बघू" का म्हणाले? नोकरीत असताना तपासल्याशिवाय कधी उत्तर दिलं नाही, ती सवय. काल हेच स्वतःला सांगितलं. आज सकाळी मात्र दुसरं लक्षात आलं. त्या क्षणी मला लहान यंत्र हवंसं वाटलं होतं. कमी तोडफोड, कमी कटकट. माणसाचा विचार त्यानंतर आला.

वन्संनी आज खोली साफ केली. खिडकीच्या फटींत कापडाच्या सुरळ्या कोंबल्या, खाट बाहेरच्या भिंतीपासून ओढून आतल्या भिंतीला लावली. या वयात एवढा उत्साह बरा.

९ जानेवारी

शेजारी निवृत्त बस ड्रायव्हर राहतात. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून हीट पंप आहे. आज जाऊन पाहिला. परसात भिंतीशी एक मोठं खोकं, त्यात पंखा. आवाज किती येतो ते ऐकायला कान लावला तर ड्रायव्हर म्हणाले, "आमची ही म्हणते, तुमच्या घोरण्यापेक्षा कमी. आणि याला निदान कडेला वळा म्हणून ढोसावं लागत नाही."

त्यांना मी उलटसुलट विचारलं. पहिल्या वर्षी घर गार राहिलं, मग रेडिएटर मोठे बसवले, आता ठीक. घाईत घेऊ नका म्हणाले. जाताना त्यांनी आपला काळा कोट दिला, बाहीला खिळा लागून फाटला होता, तो वन्संना द्यायला.

कोट द्यायला वर गेले. बोलायची संधी होती. "परवा मी बघू म्हणाले ते काही तसं नव्हतं," एवढं वाक्य जिन्यात जुळवलं होतं. पण ते काढलं की काढण्यासारखं काही होतं हे कबूल करणं आलं. कोट दिला आणि खाली आले.

१२ जानेवारी

बाईचा फोन आला. तिनं एक चांगली युक्ती सांगितली. कडक थंडीच्या दिवसांत बॉयलरचंच पाणी पन्नासवर आणायचं आणि घर कसं राहतं ते पाहायचं. म्हणजे यंत्र यायच्या आधीच यंत्राची परीक्षा. कुठल्याही खोलीत अठराच्या खाली जाता कामा नये.

हे माझ्या ओळखीचं काम. मी वजनमापं तपासणारी निरीक्षक होते. उभी हयात लोकांचे तराजू पाहण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, पोकळ वजनं, तळ उचललेली मापं, सगळं पाहिलं आहे. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही, एवढं एक नोकरीत शिकले. ती खोली परीक्षेत टिकली, तर कुणी कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. माझं "बघू" आपोआप पुसलं जाईल.

लेकीनं आकडा दाखवणारी छोटी तापमापकं पाठवली होती. प्रत्येक खोलीत एक ठेवलं. वन्संना समोर बसवून सगळं नीट समजावलं. अठराची मर्यादाही सांगितली. ही परीक्षा घराची आहे, कुणी ढवळाढवळ करायची नाही, गार वाटलं म्हणून बॉयलरला हात लावायचा नाही.

"आणि माझी खोली नापास झाली तर?" त्यांनी विचारलं.

"आधीच कशाला नापास होते?" मी म्हणाले.

आता लिहिताना दिसतं आहे की हे उत्तर नव्हे.

१४ जानेवारी

रस्त्याकडेच्या डबक्यांवर बर्फाची साय धरली आहे. बॉयलर कालच पन्नासवर आणला. बैठकीची खोली एकोणीस. माझी एकोणीस. उत्तरेकडची एकवीस!

दोनदा पाहिलं. एकवीसच. कारण शोधलं: जिन्यातून ऊब वर चढत असणार आणि खोलीचं दार जिन्याच्या तोंडाशीच आहे. भौतिकशास्त्रात पदवी घेतली त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण गरम हवा वर जाते हे अजून बदललेलं नाही.

माझे गुडघे दुखतात म्हणून वन्संनी आपण होऊन सांगितलं की मी वर येऊ नये, त्या सकाळ-संध्याकाळ तापमापक खाली आणून दाखवतील. एवढा विचार त्यांनी माझा करावा आणि मी त्यांचा काय केला, असं मनात येऊन गेलं.

१७ जानेवारी

आजपर्यंतची सगळ्यात कडक थंडी. बैठकीची खोली जेमतेम अठरा. मीच स्वेटरवर शाल घेऊन बसले आहे. उत्तरेकडची एकवीस. रोज एकवीस. सकाळी एकवीस, संध्याकाळी एकवीस. किती स्थिर खोली आहे!

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, आत्या बरी आहे ना?" बरी नसायला काय झालं? फक्त हल्ली चहाचं आधण सारखं ठेवतात आणि गरम पाण्याची पिशवी दिवसाही भरून नेतात. पाठ धरली आहे म्हणाल्या. दुपारी स्वयंपाकघरात शेगडीशी येऊन उभ्या राहतात, मी आले की भांडं घासायला घेतात. मी म्हटलं, "वन्सं, अहो घासलेलंच भांडं घासताय." म्हणाल्या, "डाग होता."

वय होत चाललं.

२० जानेवारी

आकडे बाईला कळवले. तिनं ते मला पुन्हा वाचून दाखवायला लावले. मग म्हणाली, "बैठक अठरा आणि ती खोली एकवीस? उलटं असायला हवं होतं."

मला राग आला. मी तिला माझी नोकरी सांगितली. आकडा वाचता येतो मला, म्हटलं. ती म्हणाली की आकडे खरे असतील तर खोली उघडी ठेवूनही लहान यंत्र पुरेल. मी म्हटलं, मग लहानच नोंदवा. तिनं नोंदवलं.

सुटल्यासारखं झालं. जेवताना वन्संना म्हणाले, "तुमची खोली पास झाली."

त्यांचा चेहरा असा उजळला की माझी मान खाली गेली. "मग संपली का परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"थंडी आहे तोवर आणखी आठवडाभर आकडे घेऊ. पक्कं झालेलं बरं."

"चालेल," त्या म्हणाल्या, आणि आधण ठेवायला उठल्या.

२२ जानेवारी

रफू होऊन काल नेलेला कोट घेऊन बस ड्रायव्हर परत आले. वन्सं वर होत्या. मला बैठकीत कोट पसरून दाखवला. बाहीवर रफू दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, एका जागी गाठ वर आली होती आणि धागे ओढून कापडाला चुणी पडली होती. वन्संच्या हातचं असं काम मी कधी पाहिलं नाही.

"वन्संना सांगू नका," ते म्हणाले, "मी असाच वापरीन. पण त्यांच्या हाताला काय झालंय? गाडी उताराला लागल्यासारखे टाके आहेत." आणि मग, "तुमच्या घरात कोट घालून बसावं लागतं हो. आणि माझा कोट तर इतके दिवस तुमच्याकडेच होता."

मी म्हटलं, आमच्या घराची परीक्षा चालू आहे.

ते गेल्यावर विचार केला. आता वन्संना काम कमी करायला सांगायला हवं. नजर गेली असेल, बोटं गेली असतील. वाईट वाटेल त्यांना, पण कुणीतरी सांगायला हवंच. उद्या सांगते.

२३ जानेवारी

दुपारी जेवणानंतर वर गेले. वेळ आकड्याची नव्हती, म्हणून त्यांना माझी अपेक्षा नसावी. दार नुसतं लोटलेलं होतं.

वन्सं खाटेवर बसल्या होत्या. अंगात बाहेर जायचा कोट, डोक्याला लोकरी टोपी, पायांवर रजई, हातात बोटं कापलेले मोजे. मांडीवर कुणाचीतरी शाल रफूला घेतलेली. डावा हात अंगाशी घट्ट आवळलेला. मला पाहताच त्यांनी काखेतून तापमापक काढलं आणि खिडकीच्या काचेला टेकवलं.

खोलीत मला माझा श्वास दिसत होता.

"वन्सं, हे काय?"

"थांब गं, अजून तेवीस आहेत," त्या म्हणाल्या. "एकवीस झाले की देते."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी न विचारताच सांगितलं, एखादी कृती सांगावी तसं. पिशवीवर ठेवलं तर आकडा भलताच चढतो. काखेत धरलं की हाताशी राहतो. मग काचेला लावून उतरवायचं आणि एकवीसला पोहोचलं की पदरात गुंडाळून खाली आणायचं. पहिल्या दिवशी चोवीस झाले होते, पण मला संशय येईल म्हणून त्या जिन्यात थांबून राहिल्या होत्या.

मी विचारलं, कशासाठी?

"अठराच्या खाली गेलं तर खोली बंद ना?"

"असं कोण म्हणालं?"

त्यांनी सुई उशीत टोचली. "बंद करणार असं कोणी म्हणालं नाही," त्या म्हणाल्या. "नाही करणार असंही कोणी म्हणालं नाही."

मग बराच वेळ त्याच बोलत होत्या, हळू आवाजात, मला समजूत घालावी तसं. त्यांना वाटलं होतं की एकदा यंत्र बसलं की निभावलं. मग खोली गार असली तरी तिथून कोण उठवतंय? त्या काही मागणार नव्हत्या. थंडी सोसते म्हणाल्या. फक्त सुई धरवत नाही, तेवढंच.

मी त्यांची बोटं पाहिली. टोकं लाल होऊन सुजली होती आणि एका बोटाला भेग पडली होती.

खोट्या तराजूवर वजन रोज तेच येतं. खऱ्या मापात थोडंफार खालीवर होतं. हे मी नवशिक्या निरीक्षकांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. आणि रोज एकवीस वाचून मी "किती स्थिर खोली" म्हणून याच वहीत लिहिलं. मला एकवीस हवे होते. दुकानदार गिऱ्हाइकाला हवं तेच दाखवतो.

खाली येऊन बॉयलर सत्तरवर केला.

२४ जानेवारी

सकाळीच बाईला फोन केला. आकडे खोटे आहेत, लहान यंत्र थांबवा, आणि यात दोष माझा आहे, असं सांगितलं. कसे खोटे तेही सांगावं लागलं. ती म्हणाली, "लोक तापमापक शेगडीजवळ ठेवतात, उन्हात ठेवतात. काखेत ठेवल्याचं पहिल्यांदाच ऐकलं." हसली नाही, हे तिचे उपकार.

लेक मात्र हसली. काखेत कळसा म्हणाली. हसता हसता थांबली आणि विचारलं, "तू आत्याला सांगितलंस का, की खोली तिचीच आहे?"

"म्हणजे, तसं आता कळलंच असेल त्यांना."

"आई."

"हो, सांगते."

२६ जानेवारी

सांगितलं नाही.

काल वन्संच्या बोटांना मलम लावून दिलं. अगदी जवळ बसले होते, हात हातात होता, याहून सोपी वेळ कुठली? म्हणाले, "रेडिएटर तापतोय ना नीट?" त्या म्हणाल्या, "भाजतोय." आज मटार सोलताना पुन्हा ठरवलं. म्हणाले, "शेंगा कोवळ्या आहेत."

लोकांना दंड ठोठावताना माझी जीभ कधी अडली नाही. भर बाजारात, दहा माणसांसमोर दुकान बंद करायला लावलं आहे. आणि घरातल्या घरात एक वाक्य निघत नाही. "खोली तुमची आहे" म्हणायचं, तर ती देणारी मी कोण? त्या इथं जन्मल्या. मी नवरी होऊन आले तेव्हा त्यांनीच मला घर दाखवलं होतं, कुठली खिडकी अडकते तेसुद्धा. मी दिली असं म्हणणं म्हणजे आणखी एक अपमान. आणि न म्हणणं म्हणजे आहे तोच चालू ठेवणं.

की हीसुद्धा पळवाट? असेल.

२९ जानेवारी

बाई स्वतःचं उपकरण घेऊन आली. भिंतींवर धरलं की कुठून ऊब निसटते ते त्यात रंगांनी दिसतं. वन्संची खोली त्यात निळी जांभळी दिसली, एखाद्या जुन्या मुक्या मारासारखी. वन्सं वाकून पाहत होत्या.

निकाल असा: घराला हीट पंप मानवेल. पण ती खोली धरायची तर मोठं यंत्र, खोलीत मोठा रेडिएटर, आणि तिन्ही बाहेरच्या भिंतींना आतून जाड अस्तर. अस्तर आधी, यंत्र मग. त्यासाठी खोली पूर्ण रिकामी करून दोन-तीन आठवडे कारागिरांच्या हाती द्यावी लागेल.

"मग खोली धरायची?" तिनं मला विचारलं. तीच जागा, तीच माणसं. वन्सं माझ्या बाजूलाच होत्या.

"धरायची," मी म्हणाले. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बाईला विचारलं की भिंत किती आत येईल आणि त्यांचं शिलाईचं मशीन खिडकीशी मावेल का. बाईनं मोजलं. मावेल, दोन बोटं जागा उरेल. मग वन्सं म्हणाल्या, "रिकामी म्हणजे सगळं काढायचं?"

"सगळं," मी म्हणाले. "माझी खोली उबदार आहे, तिथं तुम्ही राहा. मी बैठकीत झोपेन."

"बरं," त्या म्हणाल्या.

झालं. एक शब्द का होईना, सगळ्यांदेखत बोलले. आज हलकं वाटतं आहे.

८ फेब्रुवारी

हलकं वाटण्यात काही अर्थ नव्हता.

आठवडाभर वन्सं आवराआवर करत आहेत. मी त्यावर चिडले होते. गिऱ्हाइकांचे कपडे त्यांनी काम न करताच परत केले आणि दुसऱ्या रफूवाल्याचा पत्ता दिला. जुने कापडाचे तुकडे, ज्यांतून धागे काढतात, ते कितीतरी वर्षांचे, बोहारणीसारखं गाठोडं बांधून बाहेर ठेवले. खिडकीतल्या कुंड्या शेजारी दिल्या. तीन आठवड्यांसाठी हा काय पसारा, असं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "एकदा हात लावलाच आहे तर आवरून टाकते."

आज ड्रायव्हर दारात आले. "वन्सं कुठं निघाल्या?"

मी म्हटलं, कुठं निघतील? खोलीचं काम आहे. काम झालं की परत त्याच खोलीत.

ते म्हणाले, "मी बसवर असताना पाहायचो. परत येणारा माणूस इतकं सामान नेत नाही."

मी दार धरून उभी राहिले. त्यांनी कुंड्यांना पाणी किती घालायचं ते विचारलं. मला माहीत नव्हतं.

"धरायची" हे मी बाईला सांगितलं होतं. वन्संना कुठं सांगितलं? आणि खोली कुणासाठी धरायची, तेही म्हणाले नव्हते.

११ फेब्रुवारी

उद्या कारागीर येणार. आज सकाळी खोली रिकामी करायची होती.

गाठोडं मी परवाच आत आणून ठेवलं होतं. वन्संनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. आज त्या एकेक वस्तू दाराशी आणून माझ्या हातात देऊ लागल्या. देताना प्रत्येक वस्तूबद्दल सांगत होत्या: या कात्रीला धार लावायची नाही, ती अशीच बरी, या डब्यातले दोरे उन्हात ठेवू नकोस. माझ्यानंतर कोण वापरेल त्याला सांगावं तसं. तिसऱ्या-चौथ्या वस्तूला मी थांबले.

"वन्सं, थांबा. असं नाही घेत मी."

नोकरीत कुणाचा तराजू ताब्यात घेतला की जागच्या जागी पावती द्यावी लागे. काय घेतलं, का घेतलं, मालक कोण, परत कधी. पावतीशिवाय दुकानदार तराजू सोडत नसे, आणि ते बरोबरच होतं. मी त्यांच्याच टेबलाशी बसले आणि दोन प्रती लिहायला घेतल्या. वन्सं हसल्या. "आता मला दंडपण करणार का?"

"दंड निरीक्षकाला," मी म्हणाले. "मी बघू म्हणाले त्याचा. मी त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले नाही. चुकले."

त्या चष्मा लावून पावती वाचू लागल्या, गिऱ्हाइकाचं कापड तपासतात तशी, धागा धागा करत. शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"सगळं लिहिलंस," त्या म्हणाल्या, "आणि खोली?"

खरंच राहिली होती. दोन्ही प्रतींत लिहिली. मग त्यांनी सही केली. एक प्रत त्यांनी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. दुसरीची नक्कल इथे:

आज ताब्यात घेतलं: शिलाई मशीन, पायाचं. खाट, गादी, रजई. टेबल, खुर्ची. आरसा, कडेला फुटलेला. कात्र्या, मोठी आणि बारीक. सुया, उशीसकट. दोऱ्यांचे डबे. कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं, न उघडता. कुंड्यांखालच्या रिकाम्या तबकड्या; कुंड्या शेजाऱ्यांकडून आणायच्या. खोली, उत्तरेकडची, एक.

कारण: भिंतींना अस्तर.

परत कधी: काम संपेल त्या दिवशी, जिथली तिथे.

घेणार: मी.

देणार: वन्सं.

मालक: देणार.